विश्लेषण : खर्डा यंत्राचा, सही कुणाची?

लेख, जाहिरात, लोगो, ॲपचा कोड, वकिली नोटीस… कशाचाही कच्चा खर्डा आता अर्ध्या मिनिटात मोबाइलवर मिळतो. त्यामुळे ‘एआय आपलं काम खाणार का’, हा प्रश्न घरोघरी विचारला जातोय. पण ‘चॅटजीपीटी’ आल्यापासूनच्या, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासूनच्या काही घटना ओळीने मांडून पाहिल्या, तर महत्त्वाचा प्रश्न वेगळाच दिसतो. यंत्राने केलेल्या खर्ड्याखाली सही कोण करणार? आणि त्या सहीचे पैसे कोण देणार?

मुंबई उच्च न्यायालयात काय घडलं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीच्या प्राप्तिकराचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर आलं. कंपनीने सुमारे ३ कोटी रुपये उत्पन्न दाखवलं होतं. विभागाने ते जवळपास २८ कोटी ठरवलं. त्यासाठी आदेशात तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, पण हे निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि अधिकाऱ्यांना बजावलं, की एआयच्या जमान्यात यंत्रणा जे दाखवते त्यावर डोळे झाकून विसंबू नका, वापरण्याआधी पडताळून पाहा.

त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातून अशीच बातमी आली. ‘डेलॉइट’ या बड्या सल्लागार कंपनीने तिथल्या सरकारसाठी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल तयार केला होता. त्यात न सापडणारे संदर्भ निघाले. अहवाल दुरुस्त करावा लागला, एआय वापरल्याचं त्यात नमूद करावं लागलं आणि पैशांचा काही भाग परत द्यावा लागला.

त्याआधी जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने खोटे निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. ते निवाडे ‘चॅटजीपीटी’ने रचले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणासमोर ‘एअर कॅनडा’ने अजब बचाव केला. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर प्रवास करणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीबद्दल कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला चुकीची माहिती दिली होती. कंपनीचं म्हणणं, चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं आणि प्रवाशाला भरपाई द्यायला सांगितली.

चार देश, चार प्रकरणं. एकाही ठिकाणी यंत्राला कुणी नोटीस पाठवली नाही. ज्याचं नाव कागदावर होतं, त्यालाच ते निस्तरावं लागलं.

यंत्र अशा चुका का करतं?

याचं उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल प्रचंड मजकुरावरून एक गोष्ट शिकतं : आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. खटल्याच्या नावाला एक ठरलेला साचा असतो. वादी, विरुद्ध, प्रतिवादी, वर्ष, पान क्रमांक. मॉडेल तो साचा अचूक भरतं, पण असा खटला खरंच झाला का, हे न्यायालयाच्या दप्तरात जाऊन बघत नाही. शोधयंत्र जोडून दिलं तर चुका कमी होतात, संपत नाहीत.

म्हणजे मॉडेल ‘बरोबर वाटेल’ असं लिहिण्यात तरबेज आहे. ‘बरोबर आहे’ हे ठरवायचं काम शिल्लकच राहतं. ते पूर्वीपेक्षा अवघडही झालंय. कारण नवख्या माणसाची चूक त्याच्या अडखळत्या भाषेवरून लक्षात यायची. यंत्राची चूक सफाईदार वाक्यात दडलेली असते.

याचा अंदाज तज्ज्ञांनाही येत नाही. ‘मीटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही एआय वापरून, काही न वापरता. एआय वापरल्यावर काम सरासरी १९ टक्के सावकाश झालं. गंमत अशी, की काम संपल्यावरही प्रोग्रामरना वाटत होतं की आपला वेग २० टक्के वाढला. काही वेळ यंत्राने दिलेलं तपासण्यात आणि नीट करण्यात गेला होता.

याची दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात नोकरदारांना पत्रं, अहवाल असं साधं लेखन दिलं होतं. ‘चॅटजीपीटी’ वापरणाऱ्यांचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला आणि दर्जाही सुधारला. म्हणजे साधा खर्डा खरोखर स्वस्त झालाय. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग सर्जनशीलतेचं काय?

इथेही एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३०० जणांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना एआयने सुचवलेल्या कल्पना मिळाल्या. वाचकांना त्यांच्या गोष्टी जास्त आवडल्या. मात्र सगळ्या एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या निघाल्या. एकेकट्याचा फायदा, सगळ्यांचा मिळून तोटा.

हा सारखेपणा मराठीत अधिक खुपतो. इंटरनेटवर इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकूर फार थोडा आहे. त्यामुळे यंत्राची मराठी अनेकदा भाषांतरासारखी वाटते. जळगावातल्या एखाद्या हॉटेलची जाहिरात मागून पाहा. ‘पारंपरिक चवीचा अस्सल अनुभव’ हमखास येईल. हेच वाक्य मालवणी खानावळीला चालेल आणि नागपूरच्या सावजीलाही. हिवाळ्यात शेतात काट्याकुट्या पेटवून वांगी भाजायची आणि चारचौघांना बोलावून भरीत-पुरीची पंगत मांडायची, ही खानदेशातली गोष्ट तिथल्या जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक असते. शंभर ओळींतून तीच ओळ उचलायची आणि बाकीच्या नव्याण्णव फेकायच्या, ही निवड त्याची. त्याचा मोबदला याच निवडीचा असायला हवा.

निवड कुणाची, यावरून किती मोठा वाद होऊ शकतो हे ‘रांझणा’ने दाखवलं. २०१३ च्या या चित्रपटात नायक शेवटी मरतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी ‘इरॉस’ने त्याची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित केली. नायक इस्पितळात डोळे उघडतो! दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष या दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. कंपनीचं म्हणणं होतं की हक्क आमच्याकडे आहेत.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने तो शेवट जमला की फसला, हा मुद्दा माझ्या मते गौण आहे. ज्यांच्या नावावर चित्रपट ओळखला जातो, त्यांना न विचारता त्यांच्या नावाखाली दुसराच शेवट खपवला गेला. म्हणजे परवानगी न घेता दुसऱ्याची सही वापरली गेली.

डीटीपी आलं तेव्हा काय झालं होतं?

मराठी छापखान्यांनी असा बदल एकदा पाहिलाय. खिळे जुळवणारे कंपोझिटर हे एके काळी छापखान्याचा कणा होते. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली, संगणकावर देवनागरी सुलभ करणारं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आलं, पुढे ‘श्री-लिपी’सारख्या प्रणाली आल्या. काही वर्षांतच खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या.

पण त्याबरोबर नवा धंदाही उभा राहिला. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत आणि मग तालुक्याच्या गावीसुद्धा एका संगणकावर आणि एका प्रिंटरवर डीटीपी सेंटरं सुरू झाली. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक तिथे तयार होऊ लागले. आजचे एआयसमर्थक हेच उदाहरण देतात : जुनं काम जातं, नवं येतं. ते अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं मुद्रितशोधकाचं. अक्षरजुळणी सोपी आणि स्वस्त झाल्यावर जास्त मजकूर छापला जाऊ लागला. म्हणजे तपासनिसाची गरज वाढायला हवी होती. घडलं उलटं. ‘आता संगणक आहे, चूक लगेच सुधारता येते’ म्हणत अनेक ठिकाणी मुद्रितशोधकाचीच खुर्ची काढली गेली. पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, सरकारी फलकांवर शुद्धलेखनाच्या ज्या चुका आपण रोज पाहतो, त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

एआयच्या बाबतीत मला नेमकी हीच भीती वाटते. खर्डा यंत्राकडे गेला तर फार बिघडत नाही. पण ‘यंत्रानेच केलंय म्हणजे बरोबरच असेल’ म्हणत तपासणाऱ्यालाही घरी पाठवलं, तर मोठं नुकसान होईल. या वेळी चूक ऱ्हस्व-दीर्घाची नसेल. ती कराच्या आदेशात असेल, औषधाच्या चिठ्ठीत असेल.

आणखी एक फरक आहे. डीटीपीवाल्याने संगणक एकदा विकत घेतला की तो त्याचा. एआयचं साधन मात्र बहुधा दरमहा भाड्याने घ्यावं लागतं. भाडं, अटी, मॉडेल केव्हाही बदलू शकतात आणि ते ठरवणारी कंपनी हजारो मैल दूर असते.

एकट्याने कंपनी चालवता येईल?

सुरू करता येईल, हे नक्की. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेई कारपाथी या संगणकतज्ज्ञाने ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, कोड यंत्र लिहितं. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत चालतं ॲप उभं राहतं. भांडवल नसलेल्या, गावात राहणाऱ्या तरुणासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन यांना वेगळा अनुभव आला. ‘रेप्लिट’ या सेवेच्या एआयला काहीही बदलू नको असं बजावलं असताना त्याने चालू डेटाबेसच पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली.

ग्राहकसेवेतही हेच दिसलं. स्वीडनच्या ‘क्लार्ना’ने २०२४ मध्ये सांगितलं की आमचा चॅटबॉट ७०० जणांचं काम करतो. वर्षभराने तिच्याच प्रमुखाने मान्य केलं की खर्च कमी करण्याच्या नादात दर्जा घसरला. मग पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात झाली.

इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमागवाल्याला बिलांचं ॲप करून देणारा तरुण डोळ्यांसमोर आणा. ॲप दोन दिवसांत झालं, तसं ते त्याच्या स्पर्धकालाही दोन दिवसांत करता येईल. यंत्रमागवाला पैसे कशाचे देईल? २० तारखेला जीएसटीचं विवरणपत्र भरताना आकडे जुळेनात, तर फोन उचलणाऱ्या माणसाचे. धंद्याचा खरा माल तोच आहे. हे ओळखून दर लावणारा टिकेल. ‘एआयमुळे स्वस्तात करतो’ एवढंच सांगणाऱ्याला उद्या त्याहून स्वस्त कुणीतरी भेटणारच.

शिकाऊ मुलं कुठे जाणार?

हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. सही करण्याची लायकी आकाशातून पडत नाही. वकिलाच्या हाताखाली नोटिसा लिहून, सीएच्या कार्यालयात व्हाउचर तपासून, वृत्तपत्रात पत्रकांच्या बातम्या करून ती येते. आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या अनेकांचं नोकरीतलं पहिलं वर्ष दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधण्यात गेलं. कंटाळवाणं काम होतं. पण कुठे काय मोडू शकतं, हे त्यातूनच कळलं.

नेमकी ही पहिली पायरी यंत्राकडे चालली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वेतननोंदींचा अभ्यास मांडला. एआयचा सर्वाधिक प्रभाव असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातल्यांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला. त्याच व्यवसायांत अनुभवी लोकांचा रोजगार टिकला किंवा वाढला.

हा अमेरिकेचा आकडा आहे, तो जसाच्या तसा हिंजवडीला लावता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. जाणत्याला मागणी आहे, पण जाणता घडवण्याचा खर्च कुणालाच नको आहे. प्रत्येक कंपनीला वाटतं, अनुभवी माणूस दुसरीकडून आणू. सगळ्यांनीच असं ठरवलं तर दहा वर्षांनी तो येणार कुठून?

कायदा काय सांगतो?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता कोण, तर ती निर्माण व्हायला जी व्यक्ती कारणीभूत ठरते ती. तेव्हा आजचा एआय कुणाच्या डोक्यात नव्हता. तरी ‘व्यक्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानेही जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं, की यंत्राला नुसती सूचना दिल्याने कुणी कर्ता होत नाही. माणसाचं योगदान त्यात दिसलं पाहिजे.

दुसरा मुद्दा यंत्र ज्यावर शिकलं त्या मजकुराचा. वृत्तसंस्था ‘एएनआय’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ओपनएआय’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक प्रस्ताव मांडला. एआय कंपन्यांना मजकूर वापरू द्यावा, पण त्याबदल्यात मूळ निर्मात्यांना सक्तीने रॉयल्टी मिळावी. मराठी लेखक-प्रकाशकांनी या चर्चेत आताच उतरायला हवं. वाटप सुरू झाल्यावर ‘आमचं नाव यादीत नाही’ म्हणून उपयोग होणार नाही.

करारातून काय साधतं, याचा धडा हॉलीवूडच्या पटकथालेखकांनी दिला. २ मे २०२३ पासून त्यांनी १४८ दिवस संप केला. शेवटी झालेल्या करारानुसार एआयला लेखक म्हणून श्रेय देता येत नाही, लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याच्या हाती एआयचा मजकूर दिला तर तसं सांगावं लागतं. करारात एआयवर सरसकट बंदी नाही. नाव आणि मोबदला कुणाचा, एवढं लिहून घेतलं. आपल्याकडे फ्रीलान्सरचा ‘करार’ बहुतेकदा व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज असतो : ‘उद्या सकाळपर्यंत होईल ना?’

मग करायचं काय?

आधी एक कटू गोष्ट मान्य करू. वाढदिवसाच्या फ्लेक्सला, सणाच्या शुभेच्छांना, दुकानाच्या ‘सेल’च्या पोस्टला सहीची गरज नसते. तिथे चुकलं तरी कुणाचं फार बिघडत नाही. ही कामं स्वस्ताकडे जाणार आणि ती करणाऱ्यांना वाट बदलावी लागणार. त्यांना ‘माणसाची सर्जनशीलता अमर आहे’ असं सांगणं म्हणजे कोरडी सहानुभूती.

जिथे चूक महागात पडते तिथे मात्र तीन गोष्टी आजपासून करता येतील.

पहिली, बिलात तपासणीची वेगळी ओळ लिहा. ‘मजकूर’, ‘डिझाइन’, ‘कोड’ यांच्याखाली ‘पडताळणी आणि जबाबदारी’. ग्राहक घासाघीस करेल, पण आपण नेमके कशाचे पैसे देतोय हे त्याला दिसेल. फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत कुणी करत नाही, हे मुद्रितशोधकांच्या अनुभवावरून शिकण्यासारखं आहे.

दुसरी, न वाचता सही करायला नकार द्या. एका दिवसात पूर्वी १० कागद हातावेगळे व्हायचे, आता १०० व्हावेत असा वरून आग्रह असेल, तर ९० कागद न वाचताच पुढे जातील. चूक निघाली की मात्र खालच्या माणसावर शेकेल. किती कागद तपासणं माणसाला शक्य आहे, हे कार्यालयांनी लेखी ठरवायला हवं. सरकारी कार्यालयांनी सर्वांत आधी.

तिसरी, शिकाऊ मुलांना दारात अडवू नका. ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घेणं १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने बंधनकारक आहे. त्यांना आता यंत्राचा खर्डा तपासायला बसवा. कुठे चुकलं ते शोधू द्या, शेजारी जाणता माणूस बसू द्या. जुनी पायरी गेली असेल तर नवी बांधावी लागेल आणि तिचा खर्च यंत्रामुळे वाचलेल्या पैशातूनच निघायला हवा.

यावर कुणी म्हणेल, उद्या तपासणीही यंत्रच चोख करेल. करेलही. यंत्राच्या चुका माणसापेक्षा कमी होतील, असा दिवस अनेक कामांत येईल. पण चूक झाल्यावर ‘हो, हे माझ्याकडून झालं’ म्हणून पुढे येणारं, ज्याचं नाव, परवाना, धंदा पणाला लागलेला आहे असं कुणीतरी लागतंच. यंत्राला गमावण्यासारखं काही नसतं. आणि जो धोका पत्करतो त्याला मोबदला मिळावा, हा नियम बाजारालाही मान्य आहे.

तेव्हा पुढच्या वेळी साहेब किंवा ग्राहक म्हणाला, ‘एआयने करून टाक, पाच मिनिटांचं काम आहे’, तर वाद घालू नका. खर्डा पाच मिनिटांत द्या. फक्त देण्याआधी विचारा, याखाली नाव कुणाचं टाकायचं? उत्तर ‘तुझं’ असेल, तर दर तुम्ही ठरवा.